चांदणी लावलेला शब्द

मित्रांनो, मी एक फार जुना शब्द आहे. स्लाव लोकांच्या आद्य भाषेतला, 'विदोवा'. मला बोलणारी माणसे केव्हाच मातीत गेली आणि त्यांच्यापैकी कोणीही मला लिहून ठेवले नाही. म्हणून माझ्याआधी एक चांदणी काढतात. हा शब्द कोणी पाहिलेला नाही, अंदाजाने उभा केला आहे, असा तिचा अर्थ.

नातवंडांच्या नाकाडोळ्यांवरून पणजीचा चेहरा ओळखावा, तसे तुमच्यातल्याच एका प्राध्यापकांनी रशियन, पोलिश, झेक भाषांतल्या माझ्या लेकींवरून मला ओळखले आणि आपल्या कोशासाठी चिठ्ठीवर उतरवले. तुमची 'विधवा' माझी लांबची बहीण. आमच्या घराण्याचा मूळ अर्थ एकच, वेगळे पडणे.

प्राध्यापकांना माझे भारी कौतुक. सात विभक्ती, तीन वचने, दोघींसाठी वेगळे द्विवचनसुद्धा! चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे काम त्यांच्या बायकोचे. एकदा ती म्हणाली, "सातही विभक्तींत चालवलंत हिला. एकीत तरी नवरा परत मिळतो का?" प्राध्यापक चष्मा काढून हसत राहिले.

त्याच हिवाळ्यात ते गेले.

पुढचे मला माझ्या बहिणीनेच सांगितले, कारण ती तेव्हा कारकुनाच्या जिभेवर होती. पेन्शनच्या खिडकीतून तो ओरडला, "त्या विधवा बाई कुठायत?" प्राध्यापकांची बायको बाकावरून उठलीच नाही. खिडकी बंद झाली तरी बसून राहिली. शेवटी तिच्या मुलीने हाताला धरून घरी आणले.

आल्या आल्या तिने खोक्यातून माझी चिठ्ठी काढली. कोश छापायला जायचा होता. चिठ्ठी फाटली की मी त्यातून कायमचा गळणार होतो.

"फाड, आई," मुलगी म्हणाली. "नको असला शब्द घरात."

आईने चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "हिने काय केलंय गं? माणूस मेलं की हिला पुढे करतात. हिला तरी कुठे कोणी विचारलं होतं?"

अर्थाची ओळ प्राध्यापकांनी रिकामी सोडली होती. ती तिने लिहिली: नवरा गेल्यावर मागे राहिलेली बाई. अक्षर नेहमीसारखे सुवाच्यच आले. मी वाचलो. आनंद मात्र झाला नाही. इतक्या शतकांत माझ्या वाट्याला आलेली एकही बाई हसरी नव्हती.

मित्रांनो, मला कोशात जरूर सांभाळा. पण समोर बसलेल्या बाईला माझ्या नावाने हाक मारू नका. तिला तिचे नाव आहे.