सिन्योर लोरेन्झो गाणार होते

ठाण्याजवळच्या बाळकुम गावच्या बिट्रिसला गाण्याचं हे वेड लागलं ते नवऱ्यामुळे. फिलिप सुतार होता. एका हिवाळ्यात मुंबईत इटालियन ऑपेरा कंपनी उतरली, आणि रंगमंचावरचे लाकडी महाल ठोकायला त्याला बोलावणं आलं. बिट्रिस त्याला भाकरी द्यायला म्हणून गेली आणि पडद्यामागेच खिळून राहिली. आत तालीम चालली होती. त्या नाटकात बोलणं नव्हतंच. माणसं भांडत होती ती गाण्यात, मरत होती तीही गाण्यात. लोरेन्झो नावाच्या गवयाचा आवाज वर चढत गेला, तशी एकही शब्द कळत नसताना तिच्या डोळ्यांना धार लागली. मग फिलिपचं काम संपेपर्यंत, काही ना काही निमित्त काढून ती मुंबई गाठायचीच.

गावी भात पाखडतानाही तिच्या तोंडी लोरेन्झोच्याच चाली. शेजारच्या बायका हसायच्या. हसू देत.

पुढच्या वर्षी नाताळाच्या तोंडावर ती ठाण्याच्या पाद्रीबाबांकडे अंडी घेऊन गेली, तर व्हरांड्यात गळ्याभोवती लोकरीचं फडकं गुंडाळून साक्षात लोरेन्झो बसलेला! आजारी होता. हवापालटासाठी पाद्रीबाबांनी त्याला आणलं होतं. बिट्रिसच्या हातातली टोपली पडता पडता राहिली.

संध्याकाळपर्यंत तिने गावभर केलं, "या नाताळात आपल्या इगर्जीत मुंबईचा मोठा गवई गाणार!" त्याने तसं कबूल केलं नव्हतं. पण प्रार्थनेची इगर्ज आहे, नाताळ आहे, मग तो गाणार नाही असं तिच्या मनातच येईना. मिठागरावरची आवडाबाई ख्रिस्ती नव्हती, तीसुद्धा म्हणाली, "आम्ही बाहेर अंगणात बसून ऐकू गो."

नाताळच्या आदल्या दिवशी ती लोरेन्झोसाठी आल्या-मिऱ्यांचा काढा घेऊन गेली.

"साहेब, उद्या गाणार ना?"

मुंबईत राहून लोरेन्झो मोडकंतोडकं हिंदुस्थानी शिकला होता. "गाना खतम, बाई," तो म्हणाला. तिचा विश्वास बसेना, म्हणून त्याने एक सूर लावून दाखवला. वर जाताना तो सूर वाळक्या बांबूसारखा फाटला. लोरेन्झोने तोंड ओंजळीत लपवलं. "सब लोग आएगा. सब हँसेगा."

लोक येणार होते ते बिट्रिसच्या बोलण्यावर.

नाताळच्या सकाळी इगर्जीसमोर ही गर्दी. शेजारीण सुझाना पुढे आली. "कुठाय गो तुझा गवई?"

"चुकलंच माझं," बिट्रिस मोठ्याने म्हणाली. "मी ऐकला तो हा नव्हे. हा त्याच कंपनीत बाजा वाजवतो. चेहऱ्यावरून फसले."

हशा पिकला. "वर्षभर डोकं खाल्लंस, आणि माणूस ओळखता येईना?" सुझाना म्हणाली. मग ती फिलिपकडे वळली. "काय रे, तू तर तिथेच कामाला होतास!"

फिलिपने बायकोकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. "मीपण फसलो," तो म्हणाला. "दोघं दिसतात सारखेच."

पाद्रीबाबांनी सगळं ऐकलं आणि ते प्रार्थना सुरू करायला आत गेले. मिस्सेला गावातल्या मुलींनी गाणी म्हटली. लोरेन्झो मागच्या बाकावर बसला होता. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

दुपारी पाद्रीबाबा त्याला बिट्रिसच्या घरी जेवायला घेऊन आले. डुकराचं मटण आणि पिठाचे तळलेले फुगे पोटभर खाऊन तो अंगणातल्या बाजेवर टेकला. बिट्रिस राखेने भांडी घासत होती. तेवढ्यात, कुणी न सांगता, तो हलकेच गाऊ लागला. बाळ येशूला थोपटत म्हणायचं, त्याच्या आईकडचं नाताळचं गाणं होतं ते. ऑपेरातला तो आवाज हा नव्हताच. हा आवाज अंगणापलीकडेही जात नव्हता. मध्येच तो फाटला. लोरेन्झोने या वेळी तोंड लपवलं नाही. तो हसला, श्वास घेतला आणि खालच्या सुरात तेच गाणं पुढे नेलं.

राखेचे हात तसेच ठेवून बिट्रिस ऐकत राहिली. शब्द आजही कळत नव्हते.

गाणं संपल्यावर फिलिप तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "आणखी एकदा म्हणायला सांग ना त्याला."

"नको," ती म्हणाली. "दमलाय तो." आणि हात धुऊन ती त्याच्यासाठी उशी आणायला आत गेली.