पूल कुठे बांधायचा

सर प्रवेशपरीक्षेचा क्लास चालवत. त्या परीक्षेत त्यांची मुलगी क्लासमधून पहिली आली. घरात तिला चिमी म्हणत. ती आठवीत असल्यापासून सर दर रविवारी तिच्याकडून सराव परीक्षा सोडवून घेत. कोणता पर्याय आधी खोडायचा, कुठल्या प्रश्नाच्या नादी लागायचं नाही, सगळं तिला तोंडपाठ. परगावच्या नावाजलेल्या कॉलेजात पहिल्याच फेरीत जागा मिळाली. "पोरगी पूर्ण तयार आहे," सर भेटेल त्याला सांगत.

महिन्याभरात तिचा फोन आला. "बाबा, मला घरी यायचंय."

कारण काही सांगेना. सरांनी क्लास मेहुण्यावर सोपवला आणि सकाळची गाडी पकडली.

वसतिगृहाच्या खोलीत चिमी अंग चोरून बसली होती.

"शिकवलेलं डोक्यावरून जातं का?"

"नाही. पण मॅडम विचारतात, तुला काय वाटतं? आणि मला काही वाटतच नाही, बाबा."

सरांना हे खूळ वाटलं. मॅडमची परवानगी काढून ते तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर एका शहराचा नकाशा होता, मधून नदी. एकच पूल बांधायचा, तो कुठे? बाजारापाशी, सरांनी मनात ठरवून टाकलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, तिथला काठ ढासळतो. सरांनी मनातला पूल दवाखान्यापाशी सरकवला. त्यालाही कुणीतरी खोडा घातला. तास संपला तेव्हा त्यांच्याकडे उत्तर उरलं नव्हतं. चिमीने तोंड उघडलं नव्हतं.

"बरोबर उत्तर कोणतं?" त्यांनी बाहेर मॅडमना गाठलं.

"अजून दोन तास यावरच जाणार आहेत," म्हणत मॅडम पुढच्या वर्गाकडे गेल्या.

जिन्यात चिमीने विचारलं, "तुम्ही कुठे बांधला असता?"

"मला नाही माहीत." हे वाक्य सर मुलीसमोर पहिल्यांदाच बोलले.

"मी शाळेपाशी. सकाळी सगळ्यात जास्त माणसं तिकडेच जाणार."

"मग वर्गात का नाही बोललीस?"

"चुकलं असतं तर?"

चुकलेल्या उत्तराला गुण कापायची शिस्त सरांनीच लावली होती. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "येतेस की राहतेस?"

"या सत्रापुरती राहते."

सर एकटेच परतले. पुढे त्यांनी क्लासच्या रविवारच्या परीक्षेत पर्याय नसलेला एक प्रश्न घातला. दोन पालकांनी मुलं काढून समोरच्या क्लासला घातली. सरांना ते लागलं, पण प्रश्न काही त्यांनी काढला नाही.

सत्राअखेर चिमी एका विषयात नापास झाली, बाकीच्यांत जेमतेम सुटली. सुट्टीत घरी आली आणि जेवताना गल्लीतल्या नव्या रस्त्यावरून आईशी हिरिरीने वाद घालत बसली. आईही हार मानेना. कोण बरोबर ते न ठरवता सरांनी दोघींना एकेक पोळी वाढली.