माश्यांना सांगायचं राहून गेलं

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. गव्हाच्या काडाची, काटेरी वेलीच्या सालीने आवळून विणलेली आणि जन्मभर पालथी ठेवलेली. माझ्या पोटात ना पाव होता, ना फळं. माझ्या पोटात मधमाश्यांचं पोळं होतं.

मला एस्तरने विणलं. थॉर्नकोमच्या टेकडीखाली तिचं घर. घरात ती, तिची मुलगी हेप्सी आणि एस्तरचा थोरला भाऊ ओबेड, एवढीच माणसं. हेप्सी रांगत होती तेव्हा तिचे वडील समुद्रावर गेले, ते गेलेच. विणताना एस्तर काड दातांत धरायची आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणायची. त्या ओलाव्याचा वास माझ्या पहिल्या वेढ्यात अजून असेल.

आमच्याकडे एक रीत होती. घरात कुणी जन्मलं, कुणी गेलं, की घरच्या माणसाने दाराची किल्ली आणायची, माझ्यावर तीनदा टकटक करायची आणि माश्यांना सांगायचं; नाही सांगितलं, तर माश्या रुसून घर सोडतात. एस्तर गाऊन सांगायची :

माशीबाई, माशीबाई, कान देऊन ऐक बाई,
घरात आलं, घरातून गेलं, तुझ्यापासून चोरून नाही.

माश्याही त्याची फेड करत. घरातले आवाज त्या मधात साठवून ठेवत. चमचाभर मध जिभेवर धरला, की त्या उन्हाळ्यात घरात बोललेलं एखादं वाक्य कानात उमटायचं.

मग तापाचं वर्ष आलं. काळ्या पडद्यांची हवाई नाव अंगणात उतरली आणि एस्तरला नदीपलीकडे, तापाच्या इस्पितळात घेऊन गेली. हेप्सीला शेजारी ठेवून ओबेडही सोबत गेला. अकराव्या दिवशी ओबेड एकटाच परतला.

"मामा, आई कुठंय?"

"बरी झाली. शहरात कामाला लागली. शिवणकाम आहे. येईल हिवाळ्यात."

शेजारच्या गॅमनकाकू माझ्यापाशी येऊन त्याला दबक्या आवाजात म्हणाल्या, "ओबेड, निदान माश्यांना तरी सांग रे."

"कसं सांगू? पोर दिवसभर टोपलीपाशी बसून असते. ऐकेल ना."

"ऐकू दे की!"

"आठ वर्षांची आहे हो ती. हा एक उन्हाळा तरी हसू दे तिला."

मी सगळं ऐकलं. पण टोपलीला तोंड असतं, जीभ नसते.

माश्यांनी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी, ऊन वर चढल्यावर, त्यांनी माझ्यातला सगळा मध पोटात भरून घेतला आणि त्या उठल्या.

"आईचा आवाज चालला!" हेप्सी ओरडली. मामा लांब कुरणात होता. आपल्या माश्यांमागे तवा वाजवत धावलं, तर त्या आपल्याच राहतात. पोरीने तवा घेतला, दाराची किल्ली घेतली, मला डोक्यावर पालथी घातली आणि ठणाठणा वाजवत निघाली. डाकेचे लोखंडी पक्षी आमच्या डोक्यावरून भांबावून वळत होते. पवनचक्क्या माश्यांच्या दिशेला तोंड फिरवून तिला वाट दाखवत होत्या.

नदीच्या पुलावर फाटक लागलं. तिथला राखणदार सायलस म्हातारा, मोठा गमत्या. माझ्या कडेचं, माश्यांच्या ये-जेचं भोक पाहून तो म्हणाला,

"काय गं, तुझ्या टोपीला दार आहे की!"

"टोपी नाहीये ही. घर आहे."

"अगं बाई! मग घरात डोकं घालून कुठे निघालीस?"

"फाटक उघडा ना, आजोबा. माश्या चालल्या!"

"मी नाही उघडत. याला कुलूपही नाही. का जायचं ते खरं सांगितलंस, की आपोआप उघडतं."

"आईच्या माश्या परत न्यायच्यात," हेप्सी म्हणाली. फाटक करकरलं, बोटभर सरकलं. "आई शहरात कामाला गेलीय. हिवाळ्यात येईल."

धाडकन फाटक मिटलं.

"मी खोटं नाही बोलत!"

"तू नाहीस बोलत, पोरी." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं होतं.

तिने पुन्हा सांगितलं, तसंच. फाटक पुन्हा मिटलं. पलीकडे माश्यांची गुणगुण विरत चालली. मी तिच्या डोक्यावर होते. केसांखालची तिची शीर उडताना मला कळत होती. मग ती बोलली, माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही इतकं हळू.

"आई येणार नाही."

मित्रांनो, इतकं अलगद उघडलेलं फाटक मी पाहिलं नाही. आणि ते उघडू नये असं हेप्सीला किती वाटत होतं, तेही मीच जाणते.

पलीकडच्या उतारावर ताज्या मातीच्या उंचवट्यांवर ओळीने खुंट्या होत्या. नावं नव्हती, नुसते आकडे. एका खुंटीला माश्या तपकिरी शालीसारख्या लपेटल्या होत्या. हेप्सीने मला त्या मातीवर ठेवलं. किल्लीने तीनदा टकटक केली. ओवी म्हणायला गेली, पण दुसरी ओळ तिला पुरी करता आली नाही.

"माझी आई गेली," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. म्हणून आता मी सांगते."

माश्या एकेक करून माझ्यात आल्या.

तेवढ्यात ओबेड धापा टाकत पोचला. "हेप्से, मला वाटलं, तू एवढीशी..."

"मामा, माश्या केवढ्याशा असतात रे?"

तो तिथेच मातीत बसला. दोघं रडली. मग दोन बाजूंनी धरून त्यांनी मला घरी आणलं.

माश्यांच्या पोटातून माझ्यात परत आलेला तो मध सात चमचे भरला. दरवर्षी त्याच दिवशी हेप्सी एक चमचा जिभेवर धरायची. पहिल्या चमच्यात एस्तर म्हणाली, "हेप्से, दार लाव गं, वारा येतोय." तेवढंच. सातव्यात शब्द नव्हते, नुसती गुणगुण होती. त्यानंतर बरणी धुऊन ठेवली.

पुढे लाकडी पेट्या आल्या. माश्या तिकडे गेल्या. मी पडवीत खिळ्याला टांगलेली राहिले. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. कुणी माझ्यात जुन्या दोऱ्या टाकल्या. त्याचं मला फारसं वाटत नाही. एकच सांगते, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या घरातून कुणी गेलं, तर तिथल्या लहानग्याला जवळ बसवा आणि खरं ते सांगा. त्याला एकट्याने फाटकापाशी उभं राहायला लावू नका.

काल सकाळी पडवीचं दार वाजलं. हेप्सीची नात आत आली, डोळे सुजलेले, हातात दाराची किल्ली. बाहेर पेट्यांपाशी सांगून झालं असावं. माझ्यात एकही माशी नाही, हे तिला दिसत होतं. तरी तिने तीनदा टकटक केली.

"हेप्सीआजी गेली," ती म्हणाली. "तुला सांगायला हवं ना."