बोस्काल्दीचा डावा घोटा

सुट्टीचा अर्ज साहेबाच्या टेबलावर गेल्यापासून गुणाजी धड खाली बसला नव्हता. जेवायचा उभ्यानं, चहा प्यायचा चालता चालता. झोपेतसुद्धा पाय हलवायचा, म्हणून खालच्या खाटेवरच्या मल्याळ्यानं खाट बदलून घेतली. सौदीत यान्बूच्या रिफायनरीत तो पाइपफिटर होता. एका टोकाचा नट आवळून दुसऱ्या टोकाला गेला, की पहिला जागेवर आहे ना हे बघायला परत यायचा.

वैशाखात त्याचं लग्न होतं, म्हणजे तो पोचला तर होतं. अर्चनाच्या वडलांनी गुहागरहून निरोप धाडला होता, की मुलगा वेळेत आला तर उत्तमच, नाही आला तर चिपळूणचा एक कंपाउंडर आपणहून विचारून गेलाय. गुणाजीनं त्या कंपाउंडरला कधी पाहिलं नव्हतं, पण स्वप्नात तो रोज यायचा आणि पुड्या बांधत बसायचा. अगदी निवांत.

साइट मॅनेजर ग्रासेल्ली इटालियन. त्याच्या डोक्यात मात्र त्या दिवसांत अर्ज, पाइप, तेल यातलं काहीच नव्हतं. एर्मेते बोस्काल्दी येणार होता. इटलीचा नावाजलेला फुटबॉलपटू, आता रियाधच्या एका क्लबानं विकत घेतलेला. क्लबाचा कॅम्पच्या संघाशी प्रदर्शनीय सामना ठरला होता. जेद्द्याहून त्याला आणायला कॅम्पचा ड्रायव्हर इसहाकभाई गेला. इसहाकभाई हर्णैचा. तरुणपणी इटालियन बोटीवर होता, त्यामुळे ती भाषा त्याला शिव्यांसकट येत होती.

परत आल्यावर त्यानं मेसमध्ये बैठक मारली. "बोस्काल्दीचा बाप बंदरावर मासळी विकायचा. हा पोरगा मधल्या फळीत खेळायला लागला."

"मधल्या फळीत काय करतात?" गुणाजीनं फेऱ्या मारत विचारलं.

"पुढचे गोल मारतात, मागचे वाचवतात. मधला सगळ्यांची सोय बघतो. लग्नघरातल्या मामासारखा. कप जिंकून दिले यानं. आणि एका फायनलला पेनल्टी अशी उडवली, की बॉल अजून सापडलेला नाही म्हणतात. त्यावर वर्षभर त्याच्या बापाकडून बंदरावर कोणी मासळी घेतली नाही."

"मग?"

"मग पुढल्या वर्षी पुन्हा कप जिंकला. मासळी सुरू. पण डावा घोटा गेला. कापून कापून आत आता हाड कमी नि स्क्रू जास्त. गाडीत मला म्हणाला, भाई, मला घरी जाऊन झोपायचंय."

"मग जात का नाही?"

"जातो कुठं? करार आहे. क्लबाचा मालक त्याचा कफील, पासपोर्ट त्याच्या कपाटात."

हे ऐकून गुणाजी पहिल्यांदा खाली बसला. मग उठला.

सामन्याच्या सकाळी कॅम्पच्या संघातल्या एकाचं पोट बिघडलं. ग्रासेल्लीनं खिडकीतून बाहेर पाहिलं, तर गुणाजी चालत होता. परत पाहिलं, तरी चालतच होता. एवढा दमसास दुसऱ्या कोणात दिसेना.

"साहेब म्हणतात," इसहाकभाईनं सांगितलं, "तू फक्त बोस्काल्दीला चिकटून राहायचंस. अंगाला हात नाही. हे नीट केलंस तर संध्याकाळी सुट्टीवर सही. पण त्या डाव्या घोट्याला धक्का लागला तर फायनल एक्झिट. बोजा उचल नि घरी जा, परत येणं नाही."

"मला फुटबॉल येत नाही."

"ते त्यांना सांगितलं. म्हणतात, चिकटायला काय यावं लागतं?"

गुणाजीला खेळ एकच यायचा. गुहागरच्या मैदानावर कबड्डीत कोपरा सांभाळणारा म्हणून त्याचं नाव होतं.

सामना सुरू झाला. बोस्काल्दी धावतच नव्हता. तो उभा राहायचा आणि बॉल आज्ञाधारकपणे त्याच्याकडे यायचा. गुणाजी त्याच्याभोवती देवळाला घालाव्यात तशा प्रदक्षिणा घालत होता, हात पाठीशी बांधून. अर्धा सामना असा सुखानं गेला. ग्रासेल्लीनं खिशातून पेनही काढून ठेवलं.

मग बोस्काल्दी डावीकडे झुकला, थबकला आणि बॉल पुढे सारायला त्यानं डावा पाय गुणाजीसमोर लांबवला. चढाईला आलेला गडी लाथ घालतो, नेमका तसा. पुढचं गुणाजीनं केलं असं म्हणता येणार नाही. ते अंगानं केलं. दोन्ही हात घोट्याला, गाल जमिनीला, मिठी पक्की. रेफ्री शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. पण शिट्टीनं कोणी पकड सोडत नाही, पंच गडी बाद देईपर्यंत धरून ठेवायचं असतं. शेवटी सुदानी रेफ्रीनं लाल कार्ड घेतलेला हात वर केला. हात वर झाला म्हणजे गडी बाद. गुणाजीनं समाधानानं पकड सोडली.

उठल्यावर त्याला फुटबॉल आठवला.

दवाखान्यात बोस्काल्दीचा घोटा पपनसाएवढा झाला होता. डॉक्टर म्हणाला, खेळ संपला. कफिलानं रियाधहून फोनवर सांगितलं, मोडका माल ठेवून काय करू, पाठवून द्या. ग्रासेल्ली कोपऱ्यात रडत होता. बोस्काल्दी एकटाच हसत होता. त्यानं गुणाजीला जवळ बोलावलं आणि हळूच काहीतरी सांगितलं.

"म्हणतोय," इसहाकभाई म्हणाला, "मी साहेबाला सांगतो, माझाच पाय घसरला. तुझी नोकरी राहील."

सगळ्या मैदानानं पाहिलं होतं. पण बोस्काल्दी बोलला असता, तर ग्रासेल्लीनं स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं असतं.

"आणि सुट्टी?"

इसहाकभाईनं ग्रासेल्लीला विचारलं. ग्रासेल्लीनं नाक पुसत मान हलवली. या वर्षी नाही.

"हो म्हण मेल्या," इसहाकभाई म्हणाला. "नोकरी राहू दे. पोरी काय, पुढल्या वर्षीही असतात."

गुणाजी खाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला नि परत आला. अर्चनानं होकार दिला होता. सौदीतल्या मुलाला की गुणाजीला, हे त्यानं विचारलं नव्हतं. तेव्हा तो एकच प्रश्न वाटला होता.

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "पाय घसरला नाही. मी धरला. घोट्याची पकड होती, आणि चांगली बसली होती."

"शेवटचं सांगायलाच हवं?"

"हो."

ग्रासेल्लीनं ऐकून घेतलं आणि सही केली. सुट्टीवर नव्हे.

जेद्द्याला दोघं एकाच गाडीनं निघाले. मागच्या सीटवर पाय लांब टाकून बोस्काल्दी घोरत होता. पुढे गुणाजी सासऱ्यापुढे बोलायच्या पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करत होता. मी आलो. यात काहीच कळत नव्हतं. मी कायमचा आलो. यात फारच कळत होतं.

"सांग की, इटलीचा एवढा मोठा खेळाडू बाद केला," इसहाकभाई म्हणाला.

"त्यांना तो कोण ठाऊक नाही."

"मग सांग, कंपनी बुडाली."

"ते गुहागरच्या पोस्टमनला विचारतील, इथून बाकीच्यांचे पैसे येतायत का ते."

बाहेर वाळू मागे पळत होती. लांबवर पिवळे दिवे लागले होते. विमानतळच असावा. गुणाजीनं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले.

"इसहाकभाई," तो म्हणाला, "जरा हळू घ्या."