पेटीवाल्या अण्णांचं पान

खटकचिंचोळीच्या आमच्या वाचनालयात मी विकी सुरू केलं, म्हणजे हौसेनं डोक्याला ताप लावून घेतला. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरचं असं पान, जे कुणीही उघडावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करावं. पहिल्याच आठवड्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. शेवटी मी नियम केला: बदल करणाऱ्यानं जतन करण्याआधी सगळं पान मोठ्यानं वाचायचं. स्वतःचं लिहिलेलं कानावर पडलं की माणूस जरा भानावर येतो.

सगळ्यात जास्त भांडणं पेटीवाल्या अण्णांच्या पानावर. वाचनालय नव्हतं तेव्हा हा माणूस मेहकरहून सायकलला पत्र्याची पेटी बांधून इथवर पुस्तकं आणायचा. पेटीला कुलूप नव्हतं, हेसुद्धा लोकांना आठवत होतं. नाव मात्र कुणालाच नाही; सगळ्यांचे ते अण्णा. एकानं गुरप्पा लिहिलं, दुसऱ्यानं खोडून वीरण्णा केलं. मी पडले हुमनाबादची, मला काय कळणार!

अण्णा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेजाऱ्याच्या फोनवर ते पान बघून त्यांची बायको शकुबाई तावातावानं मेहकरहून आल्या.

"कामून गं पोरी, माज्या मालकाच्या जागी भलत्यालाच बसवलंस?"

"मग खरं नाव सांगा की आज्जी."

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत त्यांनी लग्नापासून पाळलेली. कमरेच्या पिशवीतून त्यांनी आधार कार्ड काढलं आणि स्वतःच्या नावापुढच्या नावावर बोट ठेवलं.

"लेकरंबाळं न्हाईत आमाला. मी गेले की हे नाव कोन घ्यायलंय? तुज्या पानावर तरी खरं ऱ्हाऊ दे."

माझा सगळा वैताग तिथंच विरघळला. मी नाव टाइप केलं आणि सवयीनं बोलून गेले, "आता मोठ्यानं वाचा." लगेच जीभ चावली. "ऱ्हाऊ द्या आज्जी, मी वाचते."

"कामून? सगळ्यांला नेम येक न् मला येगळा व्हय?"

त्यांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना अण्णांनीच शिकवलेलं. सायकलची ओळ आली तसं त्यांनी मला दटावलं, "हिरवी न्हाई, निळी व्हती." मी मुकाट्यानं निळी केली. मग नावाची ओळ आली. त्या थांबल्या, पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"गोष्टीत ह्यांचं नाव आलं की मी गाळून म्होरं वाचायची. हे हसायचे. म्हनायचे, लिवलेलं वाचलं तर दोष लागत न्हाई, येकडाव वाच की. लई वाट बघितली बिचाऱ्यानं. न्हाईच वाचलं मी."

शकुबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं.

"श्रीपतराव," त्या हळूच म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "श्रीपतराव."

आणि लाजून, हसून, तिसऱ्यांदा.

नियमात एकदाच वाचायचं आहे, हे मी काही त्यांना सांगितलं नाही.