सख्ख्या भावाची भाडेकरू

ग्लेनिस विग्नल आणि मी बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात एकाच टेबलाशी मासे कापले. ती माझ्या डाव्या हाताला उभी राहायची, त्यामुळे तिचं सगळं बोलणं माझ्या डाव्या कानात साठलंय. त्यातलं निम्मं तिच्या भावाबद्दल असायचं आणि त्यात चांगला शब्द एकही नसायचा.

भावाचं नाव डेस्मंड थ्रेलफॉल. तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बंदराच्या रस्त्याला त्याचं फरश्यांचं दुकान, आणि दर दोन वर्षांनी नवी गाडी. ग्लेनिस नवऱ्याला सोडून आईकडे आली आणि पुढच्याच हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं. नऊ वर्षं तिनं आईचं हगणं-मुतणं काढलं. सकाळी कारखान्यात मासे, संध्याकाळी घरी आई. डेस नाताळला यायचा आणि अंगातला कोटही न काढता खुर्चीच्या टोकावर बसायचा. तरी आईनं घर ठेवलं त्याच्या नावावर. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

दफनविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचेस होती. मी चहा ओतत होते. डेस काखेत पाकीट घेऊन आला.

"ग्लेनिस, जरा इथे सही कर."

"कशावर?"

"भाडेकरार. घर आता माझं आहे. सगळं रीतसर झालेलं बरं."

"आईला पुरून अजून तास नाही झाला, डेस."

"म्हणून तर म्हणतोय. उद्यापासून मला सवड नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर महिनाअखेर घर रिकामं कर. त्याला गिऱ्हाइकं आहेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडेल, कप फेकेल असं मला वाटलं. तिनं हात पुढे केला आणि मी, मूर्खासारखं, पर्समधलं पेन काढून दिलं.

दोन वर्षं तिनं पगारातून भाडं भरलं. मग एका सोमवारी सुरी सटकली आणि उजव्या अंगठ्याची शीर तुटली. डॉक्टर म्हणाले, यापुढे सुरी विसरा. कारखान्यानं तिला फुलांचा गुच्छ दिला आणि नोकरीवरून काढलं.

आमच्याकडे खाजगी मालकाच्या घरात राहणाऱ्याला, कमाई थांबली की, सरकारी भाडेभत्ता मिळतो. आमची अर्धी गल्ली त्यावर जगते, पण बोलत कुणी नाही. ग्लेनिसनं अर्ज केला. सहा आठवड्यांनी कौन्सिलचं, म्हणजे भत्ता देणाऱ्या नगरपालिकेचं, पत्र आलं. तिनं मला स्वयंपाकघरात बसवून ते मोठ्यानं वाचलं.

"'घरमालक हा अर्जदाराचा सख्खा भाऊ असून घर त्यांच्या आईचे होते. भाडे थकल्यास तो बहिणीला घराबाहेर काढील असे आम्हाला वाटत नाही. सबब हा करार केवळ भत्ता मिळवण्यासाठी केलेला देखावा आहे.'" तिनं पत्र खाली ठेवलं. "ऐकलंस ग्रेटा? मी आणि डेस, संगनमतानं! अगं, आम्ही दोघांनी लहानपणी एक सायकलसुद्धा कधी वाटून चालवली नाही."

ती हसत सुटली. अंगठा कापल्यापासून पहिल्यांदाच.

डेस मात्र हसला नाही. दुसऱ्या महिन्याचं भाडं चुकलं तसा तो नोटीस घेऊन दारात हजर झाला. मी आतच होते.

"मी अपील केलंय. तोवर थांब," ग्लेनिस म्हणाली.

"का थांबू?"

"का म्हणजे! भाऊ आहेस ना माझा?"

"भाऊ भावाच्या जागी. बँक मला भाऊ म्हणून सूट देते का?"

"कौन्सिलचं म्हणणं आहे, तू मला काढणार नाहीस. तेवढा चांगला आहेस म्हणे तू."

डेसचा चेहरा लाल झाला. कुणी आईवरून शिवी दिल्यासारखा. "कोण म्हणतं असं?"

"पत्रात लिहिलंय."

"कधी आहे तुझं ते अपील? मी येतो. मी सांगतो त्यांना."

सुनावणी प्रेस्टनला होती. सकाळी आम्ही दोघी बसथांब्यावर वाऱ्यात कुडकुडत उभ्या होतो. डेसची गाडी समोरून गेली. त्यानं आम्हाला पाहिलं. पाहिलं हे नक्की, कारण त्यानं काच वर केली.

न्यायाधीश साठीच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कौन्सिलतर्फे मिस्टर पिलिंग नावाचा तरुण आला होता. सभ्य, घसा सारखा खाकरणारा. आधी त्यानं डेसला विचारलं.

"मिस्टर थ्रेलफॉल, बहीण ज्या घरात वाढली, त्या घरातून तुम्ही तिला खरंच रस्त्यावर काढाल?"

"काढणारच आहे. नोटीस दिलीय. एक तारखेला कुलूप बदलायला माणूस सांगून ठेवलाय."

"कोर्टाच्या हुकमाशिवाय ते करता येत नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मग हुकूम आणतो."

"पण त्या जातील कुठे?" पिलिंगनं विचारलं.

"ते मला काय विचारता? माझं फरश्यांचं दुकान आहे, अनाथाश्रम नाही."

न्यायाधीशबाई भाडेकरार चाळत होत्या. "हा करार चौदा मार्चला झालाय. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख आठ मार्च. चौदाला काय होतं?"

डेस टायशी चाळा करू लागला. ग्लेनिस म्हणाली, "आईचा दफनविधी, मॅडम."

"सही त्याच दिवशी?"

"चर्चच्या हॉलमध्ये. चहाच्या टेबलावर."

"पेन माझं होतं," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

"आपण कोण?"

"मैत्रीण. ग्रेटा. माफ करा."

पिलिंगनं घसा खाकरला. "मिसेस विग्नल, एकच प्रश्न. तुम्हाला स्वतःला मनापासून वाटतं का, की तुमचा भाऊ तुम्हाला बाहेर काढेल?"

मला वाटलं, आता ती टेबलावर हात आपटून त्याला 'मेला', 'मुडदा' असं काहीतरी म्हणणार. पण ती अंगठ्यावरची शिवण दुसऱ्या हातानं चोळत राहिली.

"आई पहाटे गेली," ती म्हणाली. "मी लगेच याला फोन केला. म्हटलं, डेस, आई गेली. तर यानं विचारलं, तिच्या खोलीतला गालिचा भिजला का?"



"नवा होता गालिचा," डेस म्हणाला.

आम्हाला वीस मिनिटं बाहेर बसवलं. परत बोलावलं तेव्हा न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "या दोघांत मालक आणि भाडेकरू याखेरीज कसलं नातं उरलंय असं मला दिसत नाही. करार खरा आहे. भत्ता अर्जाच्या तारखेपासून द्यावा."

मी ग्लेनिसचा हात दाबला.

बाहेर पायऱ्यांवर डेस थांबला होता. "झालं ना काम? मी आलो म्हणून झालं."

"हो."

"मग आभार तरी मान."

"कशाचे? तू काय खोटं बोललास?"

तो खांदे उडवून गाडीकडे गेला. बसमध्ये ग्लेनिस खिडकीपाशी बसली. मी म्हटलं, "अगं, जिंकलीस ना! तोंड का असं?"

"मी त्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या, ग्रेटा. तूच ऐकल्यास सगळ्या. पण आत कुठेतरी मी धरून चालले होते, की वेळ आली तर हा मला काढणार नाही." तिनं नाक पुसलं. "तसं वाटणारे आम्ही दोघंच होतो. कौन्सिल आणि मी."

थकलेला भत्ता जमा झाला त्याच दिवशी तिनं डेसचं भाडं चुकतं केलं आणि दुसऱ्या दिवशी घर शोधायला निघाली. मी तिला वेड्यात काढलं. आता कुठे घर सुरक्षित झालं, परसात तिनं लावलेले गुलाब, आणि ही निघाली! पण ती ऐकेना. भाडेभत्ता माणसाला मिळतो, घराला नाही, एवढं तिला कळलं होतं.

चौदा ठिकाणी नकार आला. जाहिरातीतच लिहिलेलं असायचं, भत्तेवाले नकोत. एका एजंटाकडची पोरगी आम्हाला म्हणाली, "मालकांची अट आहे हो. ही माणसं भिंती खराब करतात म्हणे." ग्लेनिस म्हणाली, "मी बावीस वर्षं तुझ्या ताटातला मासा साफ केलाय, बाई. तुझ्या भिंतीला काय होणार आहे?" पोरीनं खिडकी बंद केली.

पंधरावी जागा कपडे धुवायच्या मशिनींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मालकीण मिसेस एंटविसल, कानानं अधू, तोंडानं फटकळ.

"भत्ता घेतेस?"

"घेते."

"दारू पितेस?"

"शनिवारी."

"मीपण. किल्ली घे."

ग्लेनिसनं डेसला महिन्याची रीतसर नोटीस दिली. तो धावत आला. खोके भरायला मी होतेच.

"याच्यासाठी मी न्यायाधीशापुढे उभा राहिलो? बाजारात लोक मला गालिचावाला म्हणतात! तुझ्या त्या मैत्रिणीनं गावभर केलं!"

केलं होतं. मी मान खाली घालून दोरी बांधत राहिले.

"घर रिकामं कर म्हणाला होतास," ग्लेनिस म्हणाली. "करतेय. बाजूला हो, खोका जड आहे."

तो बाजूला झाला. त्याला तिला मदत करावीशी वाटली असावी असं मला उगाच वाटलं. हात किंचित पुढे आला होता. पण तो त्यानं खिशात घातला.

आता तिची दीड खोली आहे. खाली मशिनी फिरायला लागल्या की जमीन हादरते आणि खिडकीच्या काचा कुरकुरतात. पहिल्या रविवारी मी तिकडे चहाला गेले होते. म्हटलं, "इतका आवाज! झोप लागते का गं तुला? आणि उद्या त्या म्हातारीनं काढलं म्हणजे?"

"काढलं तर दुसरी जागा बघेन," ती म्हणाली. "रडणार नाही." मग तिनं केटली उचलली, डाव्या हातानं, आणि माझा कप भरला.