साहेबांनाही बाहेर घ्या

भालचंद्रराव नाडकर्णी वारले आणि तेराव्याचं जेवण उरकल्यावर घरच्या संगणकात राहायला गेले. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढे, बनियन-लेंग्यावर. सकाळी सिंधूताईंनी संगणक लावला की ते डोळे चोळत उठायचे आणि बटण एवढ्या जोरात का दाबलंस म्हणून कुरकुरायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मेल्यावरही गेली नव्हती. सिंधूताईंना त्याचंच बरं वाटायचं. मिरजेच्या त्या तीन खोल्यांत त्यांच्यावर कुरकुरणारं दुसरं होतं कोण?

मग संगणक धापा टाकू लागला. दुरुस्तीवाले बागवान आले आणि त्यांनी डब्याला कान लावून ऐकलं.

"काकू, आतली सिस्टीम फार जुनी झालीय. एक दिवस अशीच बसेल, आणि साहेबांना घेऊन बसेल. नवी टाकू या."

"त्यांना त्रास नाही ना व्हायचा?"

"आतलं सगळं आधी बाहेर काढायचं. नवी बसली की परत आत. साहेबांनाही बाहेर घ्या."

सिंधूताईंनी पदर खोचला आणि पडद्यात हात घातला. सहलींचे फोटो निघाले, विजेची बिलं निघाली, अर्धवट टाकलेला पत्त्यांचा डाव निघाला. शेवटी त्यांनी भालचंद्ररावांना अलगद उचलून खाली ठेवलं. फरशीला पाय लागताच ते पूर्वीएवढे झाले.

"मध्येच बंद करू नका," बागवान म्हणाले. "आतलंही जाईल आणि बाहेरचंही." एवढं सांगून ते जेवायला गेले.

पडद्यावर एक निळी रेघ हळूहळू भरू लागली. सिंधूताईंनी वरणभात वाढला. भालचंद्रराव दोनदा मागून जेवले आणि मीठ कमी आहे म्हणाले. सिंधूताईंना इतका आनंद झाला की रडूच आलं. ही रेघ कधी भरूच नये, असं त्यांना वाटलं.

पण रेघ भरत होती, आणि तसतसं घर आत जात होतं. आधी फोटो गेले, बिलं गेली. मग ओट्यासकट स्वयंपाकघर गेलं, निजायची खोली गेली, सोफा गेला. ढकलाढकली नाही, आवाज नाही. टेबल, संगणक आणि दोन खुर्च्या उरल्या, आणि त्यांच्यापुरती फरशी.

रेघ भरली. पडद्यावर अक्षरं आली. इथे कोण राहणार?

सिंधूताईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं, आम्ही दोघं.

चेहरे दाखवा, असं आलं, आणि खाली आरशासारखी एक चौकट उघडली. मग आलं, एकच चेहरा दिसतो आहे.

"अहो, सरका ना इकडे. तुम्ही दिसत नाही."

भालचंद्ररावांनी खुर्ची ओढली.

एकच चेहरा दिसतो आहे.

"आणखी जवळ या. इथेही संकोच करणार का? बाहेर राहिलात तर मी काय करू?"

उभ्या संसारात चारचौघांत कधी हातात हात न घेतलेले भालचंद्रराव गालाला गाल लावून बसले. त्यांच्या दाढीचे खुंट टोचले. सिंधूताईंची नजर त्या अक्षरांवरून हलत नव्हती. मागची फरशी खुर्चीच्या पायांपर्यंत आत गेली होती.

एकच चेहरा दिसतो आहे. पुढे जायचं?

"सिंधू," भालचंद्रराव हळूच म्हणाले, "चौकटीत बघ तरी."

सिंधूताईंनी चष्मा सारखा केला आणि पाहिलं. चौकटीत भालचंद्रराव होते. एकटेच, हवेला गाल टेकवून बसलेले.